रशिया व्हाया पोलादपूर

महाडच्या एका वाचनालयात, हातात माइक असताना, मी सांगून टाकलं की रशियातली सत्ता गणपतीच्या आत कोसळणार. ती कोसळली नाही. एवढ्यावर निभावलं असतं. भाकितं चुकवण्याचा मला चाळीस वर्षांचा अनुभव आहे. पण ह्या भाकितामुळे पोलादपूर तालुक्यातल्या एका मुलीचा पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत गेला, पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली तिच्या वडिलांच्या करदोड्याला. ती किल्ली सोडवायला मी भर पावसाळ्यात घाट उतरून गेलो, त्याची ही हकीकत. ज्यांना रशिया बघायचा आहे त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. मीही रशिया पाहिलेला नाही. उत्तरेला माझी मजल जळगावपर्यंत, आणि तीही एका लग्नाला.

महाड

मी पुण्यातला राज्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. निवृत्त झाल्यापासून मला कोणी बोलवलं की मी जातो, आणि विषय विचारायच्या आधी हो म्हणतो. त्या जुलैत महाडहून जाधव सरांचा फोन आला. हे तिथल्या एका शाळेत शिकवतात आणि वाचनालयाचा पावसाळी व्याख्यानांचा व्याप सांभाळतात. म्हणाले, "सर, ते रशियातलं भाडोत्री सैन्याचं बंड. आमच्याकडे त्याची फार चौकशी आहे." महाडात रशियाची चौकशी कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

संध्याकाळी चवदार तळ्याला वळसा घालून आम्ही वाचनालयात पोचलो. वकील, कारकून, शिक्षक आणि बाजारातली काही मंडळी अशी पन्नासेक डोकी, छत्र्या दाराशी उलट्या टांगलेल्या. मी झकास सुरुवात केली. रशियाने युक्रेनच्या लढाईत आपल्या फौजेच्या जोडीला एक खाजगी, भाडोत्री फौज उतरवली होती. तिचं आणि सरकारी सेनापतींचं बिनसलं. जूनमधल्या एका शनिवारी पहाटे त्या भाडोत्र्यांनी रोस्तोव्ह नावाचं शहर लष्करी मुख्यालयासकट ताब्यात घेतलं, आणि त्यांच्या गाड्या मॉस्कोच्या रस्त्याला लागल्या. सकाळी राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर येऊन ह्याला देशद्रोह म्हटलं, कडक शिक्षेची भाषा केली. संध्याकाळी शेजारच्या देशाचे अध्यक्ष मधे पडले, फौज मागे फिरली आणि सकाळचा देशद्रोह दिवेलागणीला माफ झाला.

इथे थांबायला हवं होतं. पण लोक ऐकत होते हो! लोक ऐकायला लागले की माझं जे होतं ते झालं. "ज्या राज्याला सकाळचा गुन्हा संध्याकाळी गिळावा लागतो, ते राज्य राहिलंय कुठे?" मी विचारलं. टाळ्या. "गणपतीच्या आत बघा!" आणखी टाळ्या.

तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ उभे राहिले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, पायाला वाळलेला चिखल. "सर, मग तिथं शिकायला पोरा पाठवावी का?"

मी हात उंचावून म्हणालो, "माझी मुलगी असती, तर मी पाठवली नसती."

मला मुलगी नाही. एक मुलगा आहे, आणि त्याने माझं शेवटचं ऐकलं तेव्हा तो चौथीत होता. पण वाक्य जमलं होतं. गृहस्थ खाली बसले, खिशातून पेन काढलं आणि हातावरच काहीतरी लिहिलं. मला वाटलं, काय हा ज्ञानाचा आदर!

पुण्यात, फोनवर

आठवड्याने एका मुलीचा फोन आला. आवाज शांत, आणि म्हणून जास्तच भीतिदायक.

"सर, मी स्नेहल मोरे. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून बोलते. मी रोस्तोव्हला एमबीबीएस करते. चार वर्षं झाली, दोन उरली. तुमचं भाषण ऐकून आल्यापासून बाबांनी माझा पासपोर्ट पेटीत घातलाय. सोमवारी ते महाडला फार्मसीच्या डिप्लोम्याचा फॉर्म भरणार आहेत. माझ्या नावाने."

"पण मी तर एक सर्वसाधारण—"

"तुम्ही गणपतीच्या आत म्हणालात. बाबांनी ते कॅलेंडरवर लिहिलंय."

मी म्हटलं, मी फोनवर समजावतो त्यांना. ती म्हणाली, "बाबा फोनवर फक्त 'बरं' म्हणतात. आणि ह्या दिवसांत लावणी आहे, ते घरात नसतातच. शेतात या." मग थोडं थांबून, "यायलाच पाहिजे, सर."

मी बायकोला सांगितलं, पासपोर्ट बाहेर आल्याशिवाय मी परत घाट चढणार नाही. तिने डब्यात चार पोळ्या जास्त घातल्या.

भोर, आणि एक बंद घाट

नकाशात बघितलं तर पुण्याहून भोर, भोरहून वरंधा घाट, घाट उतरला की महाड. सरळ रेघ. शुक्रवारी सकाळी भोरच्या एसटी स्टँडवर उतरून मी खिडकीशी विचारलं, "वरंध्याची गाडी किती वाजता?"

आतल्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या छत्रीकडे. "दिवाळीनंतर या."

पावसाळ्यात दरडी येतात म्हणून तो घाट बंद ठेवतात. हे भोरच्या शाळकरी पोराला ठाऊक असतं, महाडात तर ते विचारावंही लागत नाही. मला मॉस्कोच्या रस्त्यावर कोणती गाडी कुठे पोचली होती ते तोंडपाठ होतं. घराजवळच्या घाटाचं मात्र माहीत नव्हतं. मग वाई, मग महाबळेश्वर, आणि तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर. सरळ रेघेचा चांगला मोठा चौकोन झाला. आंबेनळीत ढग इतके खाली की कंडक्टर वळणं तोंडाने मोजत होता आणि एक बाई डोळे मिटून शेजारणीला भोपळ्याचा भाव सांगत होती. उतारावर कुठेतरी ढग फाटला आणि खाली सगळं खोरं दिसलं: पाण्याने भरलेली खाचरं, एकाखाली एक, कोणीतरी आरशाचे तुकडे पायऱ्यांवर मांडून ठेवल्यासारखी. मी खिडकीला नाक लावून बघत राहिलो. कंडक्टर म्हणाला, "काका, काच पुसायला फडका देऊ?"

पोलादपूरला जाधव सर मोटारसायकल घेऊन आले होते. चेहऱ्यावर माझ्याइतकीच अपराधी कळा. "सर, तो माणूस मीच बोलावला होता. म्हटलं, मुलीचं काळजीचं आहे, ऐकू देत जाणकाराचं."

"जाणकार," मी म्हणालो.

"हो ना," ते म्हणाले, आणि किक मारली.

पहिल्या चढावर मी छत्री उघडली. चालत्या मोटारसायकलवर, वाऱ्यात, पोलादपूर तालुक्यात. ती उलटी झाली, हातातून सुटली आणि ढवळी नदीच्या दिशेने निघून गेली. जाधव सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "सगळ्यांची जाते," म्हणाले.

वाडी

सखाराम मोरे, म्हणजे तेच पांढऱ्या शर्टवाले गृहस्थ, गुडघाभर चिखलात होते. बारा वर्षं मुंबईत कापडाच्या गोदामात काढून ते परत आले, बायकोसह भाताची चार खाचरं करतात. मला बघून त्यांनी कमरेतून सरळ होत नमस्कार केला, फार आदराने, आणि परत वाकले.

"मोरे, मी थोडं बोलायला आलोय."

"बोला की सर. कान मोकळं हायत."

मी बांधावरून बोलायला लागलो. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मी उभा आहे आणि ते वाकलेले आहेत, आणि ह्या कोनातून कोणालाही काही पटवता येत नाही. इथे लावणी सावडीने होते. आज तुमच्या शेतात सगळी वाडी, उद्या त्यांच्यात तुम्ही. पैसा नाही, हातांची परतफेड हातांनी. खाचरात बारा-पंधरा माणसं ओळीत सरकत होती आणि बिनचिखलाचा फक्त मी. पुण्यात आमच्या सोसायटीत गच्चीची गळती चार वर्षं बैठकीत आहे. मी पँट दुमडली.

"ह्यो कुठं चालला?" ओळीतून एक म्हातारी ओरडली. ही भागाआत्या, सखारामांची आत्या, सत्तरी पार, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि हात शिवणयंत्रासारखे चालू. "अगो स्नेहल, तुझा रशियावाला मास्तर चिखलात आला!"

स्नेहल ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने मला रोपांची एक मूठ दिली आणि दाखवलं: तीन-चार काड्या घ्यायच्या, अंगठ्याने मुळाशी धरायच्या, चिखलात दाबायच्या. मी लावू लागलो. दहा मिनिटांत माझी कंबर गेली, वीस मिनिटांत डावी चप्पल गेली. ती अजून तिथेच आहे. पण मी ओळ सोडली नाही. सखारामांच्या शेजारी सरकत राहिलो.

"मोरे, त्या दिवशी मी जे बोललो—"

"लिवून ठेवलाय सर. गणपतीच्या आत."

दुपारी बांधावर सगळे जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि खाचरातल्या मुठ्यांचं, म्हणजे छोट्या खेकड्यांचं कालवण, असं तिखट की माझ्या चष्म्यावर आतून धुकं आलं. मी एक मुठा पाठीकडून चावला. सगळे हसले. जाधव सरांनी तो माझ्या हातातून घेतला, नांग्या मोडून दिल्या. तोंड रिकामं झाल्यावर मी म्हणालो, "स्नेहल, त्या शनिवारी तू तिथे होतीस. तुझ्या डोळ्यांनी काय दिसलं ते सांग. मी फक्त वाचलंय."

ती वडिलांकडे न बघता बोलली. "सकाळी हॉस्टेलच्या बाईंनी सांगितलं, मेन रोडला जायचं नाही. आम्ही गेलो. चौकात बंदूकवाले, तोंडावर फडकी. एक रणगाडा उभा, आणि एक झाडूवाला त्याच्याभोवतीनं झाडत होता. रोजच्यासारखा. लोक फोटो काढत होते, कोणी त्यांना पाणी आणून देत होतं. मला तेव्हा भीती नाही वाटली, सर. संध्याकाळी ते निघाले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पोलीस आले, तर त्यांची हुर्यो. तेव्हा वाटली. बंदुकीची नाही, टाळ्यांची. सोमवारी मात्र आमची परीक्षा होती. झाली."

टाळ्यांचा विषय निघाल्यावर मी खाली बघितलं.

"आता ही सांगतेय त्यात नवा काय हाय?" भागाआत्या म्हणाली. "आमच्या शिमग्याला झाला होता की."

मी विचारलं, काय झालं होतं. ती नांगी चोखत सांगायला लागली.

"वाडीतली ढोल वाजवनारी पोरा सगळी मुंबैला. म्हून मानकऱ्यानं पल्याडच्या गावाहून ढोल-सनईचं खालूबाजावालं आनलं. भाड्याचं. पालखी निघाली, दोन आळ्या फिरली. सहानंच्या चार पावलांवर आल्यावर त्यांच्या म्होरक्यानं ढोल खाली ठेवला अन् वाटंतच बसला. का, तर मानाचा नारळ दिला नाय. आता पालखी तर खांद्यावर. देवाला त्या सहानंच्या चौथऱ्यावरच टेकवायचा, मधी कुठं नाय. बाजा नाय तर पालखी हालत नाय."

"मग?"

"मानकरी काय तापला! म्हनतो, यांना वेशीबाहेर काढतो, पुन्यांदा गावात पाय ठिवू देनार नाय. दुपार झाली, उन्हं कलली. मग तिसऱ्या गावचा एक शहाना मधी पडला. अन् त्याच मानकऱ्यानं त्याच हातानं नारळ दिला, टिळा लावला, गेलं वाजवीत."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. सकाळी देशद्रोह, संध्याकाळी नारळ. मी त्यावर महाडात दीड तास घेतला होता.

"मग मानकऱ्याचा मान गेला असेल," मी म्हणालो. अजून खोड जात नव्हती.

"कशाला जातोय? आजबी तोच हाय! दुसरा हाय कोन? पन तेव्हापास्ना सगळ्या पोरांना ठावं झाला, पालखी थांबवता येते. दर शिमग्याला कोन ना कोन रुसतो. अन् मानकरी आता चालताना देवाकडं नाय बघत. ढोलवाल्यांच्या तोंडाकडं बघत चालतो."

जाधव सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी व्याख्यान आत्यांचं ठेवू."

रशियाच्या स्थैर्याबद्दल मी त्यानंतर पुष्कळ वाचलं. एवढं नेमकं कुठे सापडलं नाही. सत्ता कमकुवत होणं आणि सत्ता पडणं ह्या दोन गोष्टींमध्ये किती शिमगे जातात, ते कोणीच सांगू शकत नाही. मी गणपतीपर्यंत सांगितलं होतं.

सखाराम जेवून उठले. हात धुऊन ते माझ्यासमोर उकिडवे बसले. "सर, आता सरळ सांगा. पाठवू का पोरीला?"

हे शब्द ऐकण्यासाठी मी तीन जिल्हे फिरून आलो होतो. जिभेवर 'पाठवा' तयार होतं. घाटात त्याची तालीमही केली होती. पण ती मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मला दिसलं की मी दुसऱ्यांदा तेच करणार होतो.

"मला माहीत नाही, मोरे."

"म्हंजे?"

"तिथे उद्या काय होईल ते मला माहीत नाही. त्या दिवशीही माहीत नव्हतं."

"मंग त्या दिवशी कसा सांगितलात?"

"माइक होता. आणि लोक टाळ्या वाजवत होते."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. "मी हातावर लिवून घेतला, सर," एवढंच म्हणाले.

"बाबा," स्नेहल म्हणाली, "मला विचारा ना. मी तिथे राहते. विमान मॉस्कोपर्यंत, पुढे रेल्वे, मग हॉस्टेल. धोका आहे. मी नाही म्हणत नाही. पण मला तो माहीत आहे. फार्मसीच्या फॉर्मवर सही मी करणार नाही. जबरदस्तीने न्याल तर महाडच्या स्टँडवर बसून राहीन."

"तू बी वाटंत बसनार?" सखाराम म्हणाले.

भागाआत्याने पदराला हात पुसले.

"सखा, त्या शिमग्याला पालखीखाली पुढच्या दांडीला कोन होता रे?"

सखाराम बांधावरचं गवत उपटायला लागले.

"तूच होतास. मागचं दोघं बदललं. तू नाय बदललास. खांदा सोलला होता, मी हळद लावली. चार पावलांवर सहान होती, अन् कोनी म्हनला, ठेवा इथंच खाली, तर तू काय म्हनलास?"

"आत्या, ता येगळा—"

"काय म्हनलास ता सांग."

"इतका आनला, आता मधी नाय ठेवनार."

"मंग?" भागाआत्या म्हणाली. "पोरीनं चार वर्सा खांद्यावर धरलाय. अन् तू तिला सांगतोस, ठेव इथंच."

पाऊस परत आला. बायका उठल्या, प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर घेऊन खाचरात उतरल्या, कारण लावणी कोणासाठी थांबत नाही. सखाराम तसेच बसून होते. मग त्यांनी सदऱ्याखाली हात घातला, करदोड्याची गाठ सोडायला गेले. ती भिजून घट्ट बसली होती. दाताने सोडवावी लागली. किल्ली त्यांनी लेकीच्या हातात दिली नाही, तिच्यापुढच्या आवणाच्या, म्हणजे रोपांच्या, मुठीवर ठेवली, जणू तीही लावायचीच आहे.

"रोज फोन करायचा," ते म्हणाले. "अन् तिथं टाळ्या वाजल्या की हॉस्टेलात जायचा. बघत उभा नाय ऱ्हायचा."

स्नेहलने किल्ली मुठीत धरली आणि ओळीत जाऊन वाकली. तिचे खांदे हलत होते. पावसात ते कोणाला कळू नये एवढी सोय होती.

मीही परत उतरलो. कोणी सांगितलं नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत रोपं लावली, एकाच चपलेवर, ताठ मानेने. शेवटचा वाफा तर जवळजवळ एकट्याने. दुसऱ्या दिवशी जाधव सरांनी मला महाडच्या स्टँडवर सोडलं आणि पुण्याची गाडी बंद घाटाकडून जात नाही याची माझ्यादेखत कंडक्टरकडे दोनदा खात्री करून घेतली.

पुन्हा पुण्यात

ऑगस्ट संपता संपता स्नेहल गेली. त्याच सुमाराला बातमी आली की त्या भाडोत्री फौजेचा म्होरक्या विमान पडून मेला. मला तीन ठिकाणांहून बोलायला बोलावणं आलं. तिघांनाही मी सांगितलं की मला ह्यातलं पुढचं काही माहीत नाही; त्यांना वाटलं मी मानधनासाठी अडून बसलोय. मला मात्र त्या खालूबाजावाल्यांचं पुढे काय झालं हे आत्याला विचारायचं राहिलं, ही रुखरुख लागली.

गणपती आले, गेले. सत्ता जिथल्या तिथे होती. दसऱ्याच्या आसपास सखारामांचा फोन आला. मी आधी स्नेहलचं विचारलं. बरी होती, हॉस्पिटलात ड्यूटी लागली होती, रोज फोन येत होता. मग मी, थोडा घाबरतच, म्हणालो, "मोरे, कॅलेंडरवरचं ते खोडलंत ना?"

"ता कवाच खोडला सर," ते म्हणाले. "पन आमी भात कापायला घेतलाय. सगळा शेत पिकलाय, तुमी लावलात तो वाफा तेवढा मोकळा हाय. आत्या म्हनते, मास्तरला सांग, रशियाचा सोड, तुला साधी काडी उभी करता येत नाय."